दातांनी लावलेली घंटा

जुसबचा चाळीसावा दिवस होऊन गेला तरी माणसं येतात. चहा घेतात, दोन शब्द बोलतात आणि जाताना दारात थांबून तेच विचारतात. हुरबाई, बहिऱ्या माणसाला ऐकू आलं कसं? मी किती जणांना सांगू. सांगताना मधेच कोणी उठतं, कोणी आपलंच काही काढतं, आणि माझं अर्धं राहतं. म्हणून फोनवर लिहून ठेवते. ज्याला पाहिजे त्याने वाचावं.

जुसब माझा मोठा भाऊ. मी त्याला अदा म्हणायची. आमचं घर लोहारांचं, गुरांच्या गळ्यातल्या घंटा करणारं. पत्रा ठोकून आकार द्यायचा तो पुरुषांनी. त्यावर तांब्या-पितळेचा चुरा चोपडून वरून माती लिंपायची ती आम्ही बायांनी. मग भट्टी. भट्टीतून घंटा निघते तेव्हा ती भांडं पडल्यासारखी वाजते. तिचा काठ हातोडीने हलका हलका ठोकून तिला सूर लावायचा, आणि ते काम घरात एकाच माणसाचं. अब्बांनंतर अदाचं.

बन्नी म्हणजे आमच्या उत्तरेचं गवताचं रान, तिथल्या म्हशी रात्रीच्या आपल्या आपण चरायला जातात आणि उजाडताना परत येतात. मालक खाटेवर पडल्या पडल्या ऐकतो, ही आली, ती आली, ती अजून मागे आहे. म्हणून दोन घंटा सारख्या चालत नाहीत. अदाने लावलेली घंटा अदा विसरायचा नाही. बन्नीतला सालेमामद एकदा वीस वर्षांपूर्वीची गंजलेली घंटा घेऊन आला. अदाने बघितली पण नाही, पाठ करून बसला होता. सालेमामदने नखाने टिचकी मारली तसा अदा म्हणला, ही तुझ्या बापाच्या वाकड्या शिंगाच्या म्हशीची. सालेमामद आठ दिवस तेच सांगत फिरला.

आणखी एक सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात असं आहे की जनावर मेलं की त्याची घंटा मालक परत आणून देतो. ज्याने ती लावली त्यानेच तिचा काठ आत मुडपून तिचं तोंड बंद करायचं. ती मग दुसऱ्या गळ्यात जात नाही, नाहीतर बाकीची जनावरं मेलेल्याच्या मागे जातात असं अब्बा म्हणायचे. दुसरे लोहार हे करतात की नाही मला माहीत नाही. आमच्याकडे माळ्यावर अशा तोंड बंद केलेल्या घंटांचं पोतं आहे.

चाळीस वर्षं हातोडी ऐकून अदाचे कान गेले. आधी चिमण्या गेल्या, मग बायांचे आवाज, मग लहान नंबरच्या घंटा. त्याने लपवलं. मला बोलवायचा, हुरी, जरा तू वाजव, मी बघतो. मी समजायची, वय झालं, हात दुखतो. एक दिवस तो घंटा लावत होता, ती लागली, मी मागून म्हणलं बस. परत म्हणलं बस. तो ठोकतच राहिला आणि चांगली लागलेली घंटा फुकट घालवली. वळला तेव्हा माझं तोंड बघून त्याला कळलं की मला कळलं.

भुजला कान तपासणाऱ्या मॅडमनी दोन्ही कानांना मशीन दिलं, कानामागे बसणारं. उजव्याला त्याचा उपयोग झाला. डाव्याला काही नाही. मॅडम म्हणल्या, डाव्याला आता ऑपरेशन करून आत तार घालायची, बाहेर मशीन लावायचं. एका ट्रस्टने केलं, अहमदाबादला. महिन्याने मशीन चालू केलं त्या दिवशी मी बरोबर होते. मॅडम म्हणल्या, बोला. मी म्हणलं, अदा, मी हुरी. तो दाराकडे बघायला लागला. मग म्हणला, कोणीतरी डब्यात खडे हलवतंय.

मला वाटलं झालं, गेलं सगळं. पण मॅडम म्हणल्या, शिकावं लागतं. सहा महिने मी रोज ओढणीने तोंड झाकून त्याच्यासमोर बसायची आणि शब्द बोलायची. मीठ. म्हैस. हातोडी. सिद्दीक. तो उलट सांगायचा. पहिल्यांदा दहात दोन, मग पाच, मग नऊ. शेवटी फोनवर बोलायला लागला. सिद्दीक म्हणजे त्याचा मुलगा, मला फुई म्हणतो, भट्टी आता तोच बघतो. तो एकदा हळू आवाजात मला म्हणला, अब्बा आता सगळं ऐकतात, जपून बोल. अदा तिकडून म्हणला, ऐकलं. बोलण्यासाठी ते मशीन म्हणजे अल्लाची मेहेरबानी होती, मी खोटं बोलणार नाही.

सालेमामद त्याला चिडवायचा, जुसब, तुझा कान आता चार्जिंगला लावावा लागतो म्हणे, मग माझ्या वांढीत, गुराख्यांच्या वस्तीत, येऊ नको, आमच्याकडे लाइट चार तास.

डोक्याला चिकटणारा जो गोल तुकडा असतो त्यात लोहचुंबक असतं. कातडीच्या आत एक, बाहेर एक. आणि अदा बसायचा लोखंडात. वाकून पत्रा बघायला गेला की तो तुकडा उडून पत्र्याला जाऊन चिकटायचा. त्याला लोखंडाचा कीस लागायचा, संध्याकाळी मी बोटाने पुसायची. एकदा हातात घंटा होती, अर्धी लावलेली. तुकडा त्या घंटेला जाऊन बसला. अदा बहिरा होऊन तसाच बसला, आणि घंटेला कान लागलेला. सिद्दीक हसत होता. मला नाही हसू आलं. मला वाटलं ती ऐकतेय.

पण घंटा लावायचं काय? मशीनच्या कानात सगळ्या घंटा एकसारख्या. पाच नंबर काय, नऊ नंबर काय. अदा म्हणायचा, उजव्या कानात घंटेचं अंग येतं, डाव्यात तिची धार येते, मी दोन्ही शिवून घेतो. तसं शिवून त्याने दोन वर्षं घंटा लावल्या आणि गिऱ्हाइकांना कळलं नाही. मग एका तापात उजवा कान पण गेला. उजव्याचं मशीन कितीही मोठं केलं तरी नुसती शिट्टी मारायचं. आता घंटेला फक्त धार राहिली. अदाने हातोडी सिद्दीकला दिली आणि तो अंगणात बसायला लागला.

तिथून ते सुरू झालं.

दुपारच्या नमाजानंतर अदा मशीन काढून झोपायचा. दमट लागू नये म्हणून मशीन एका डबीत ठेवायचं, तळाला मणी असतात ते ओल पितात. डबी फळीवर ठेवली की अदाला भट्टी फुटली तरी ऐकू यायचं नाही. तसाच एका दुपारी पडल्या पडल्या म्हणला, हुरी, बाहेर कोणाची म्हैस आली बघ. मी बघितलं. ऊन होतं, दुसरं काही नाही. मी हात हलवून नाही म्हणलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी त्याला भुजला नेलं. मॅडम म्हणल्या, कान काही पाठवत नाही म्हणून डोकं स्वतःच वाजवतं, पुष्कळांना होतं, घाबरायचं नाही. अदाने मान हलवली. बसमध्ये मशीन लावून माझ्याशी गोष्टी केल्या. घरी आल्यावर मी रोटला थापत होते तेव्हा जवळ येऊन बसला.

म्हणला, "ते नुसतं वाजणं नाही, घंटा आहे. सहा नंबर. लोलक शिसवीचा. मी लावलेली नाही."

मी म्हणलं, मग कोणी लावलेली?

"अजून लावायची आहे."

माझा हात पिठातच थांबला.

त्याने सिद्दीककडून सहा नंबरची करून घेतली. माती मी लिंपली. भट्टीतून निघाली आणि अदा लावायला बसला, तेव्हा अडचण कळली. मशीन लावलं की आतली घंटा बंद. मशीन काढलं की हातातली घंटा बंद. दोन्ही एका वेळी कधीच नाही. तीन दिवस तो तुकडा डोक्याला लाव, काढ, लाव, काढ करत बसला. चौथ्या दिवशी मशीन डबीत ठेवलं, घंटेचा काठ दातांत धरला आणि बाहेरून ठोका दिला.

सिद्दीक म्हणला, अब्बा, घंटा खायची नसते. मग त्याला कळलं अदाला ऐकू येत नाही, तर माझ्याकडे बघून हसला. ते हसणं त्या दिवसापुरतंच. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या शेळ्या, चरत होत्या त्या, सगळ्यांनी मान वर केली आणि अदाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ठोका पडला की कान हलवायच्या. ठोका थांबला की थांबायच्या. अकरा शेळ्या. सिद्दीकने त्यांना हाकललं, त्या परत आल्या.

सूर जसा लागत गेला तसं मला एक जाणवायला लागलं. ती घंटा समोरून वाजायची नाही. अदा समोर बसलाय, ठोका समोर पडतोय, आणि आवाज येतोय तुमच्या पाठीमागून. तुम्ही फिरलात तरी पाठीमागूनच. सिद्दीक दोनदा भिंतीमागे बघून आला. 

दातांत धरल्यापासून अकराव्या दिवशी अदाने एक ठोका दिला, घंटा तोंडातून काढली आणि बसून राहिला. मग म्हणला, थांबली. आत आता काही नाही म्हणला, नुसतं मिठाचं पांढरं रण. आणि तीन तास झोपला.

ती घंटा लोलक न लावता ओसरीत खुंटीवर टांगली. मला बजावलं, ही कोणाला द्यायची नाही, ही माझी. दोन महिने अदा छान राहिला. जेवला, हसला, सिद्दीकच्या कानात कापूस आहे का ते रोज तपासलं, कापूस नसला तर हातोडी काढून घ्यायचा. माझं मात्र काहीतरी बिघडलं. त्या खुंटीखालून गेलं की माझे दात शिवशिवायचे, बर्फ चावल्यासारखे. वारा नाही, लोलक नाही, घंटा हलत पण नाही. मी मागच्या दाराने जायला लागले.

सालेमामद आला तो दुपारी. त्याच्या पुढच्या म्हशीची, सगळ्या जिच्यामागे चालतात तिची, घंटा वेड्या बाभळीत अडकून तुटली होती. अदा झोपलेला, मशीन डबीत. मी ताक दिलं. तो पीत पीत घंटा बघत होता, नखाने टिचकी मारायची त्याची सवय. खुंटीवरच्या घंटेला मारली आणि मागे वळून बघितलं. मग वाटी खाली ठेवली.

"हुरबाई, ही दे. हिच्यामागून म्हैस चुकणार नाही."

मी म्हणलं, ती अदाची आहे. तो म्हणला, मग उठू दे त्याला, मी बसतो. तो बसला असता. माणूस सरळ आहे. मीच नाही थांबले. खरं सांगते, मला ती घंटा घरातून जायला पाहिजे होती. मी लोलक शोधून माझ्या हाताने बांधला, काठ पदराने पुसला, आणि म्हणलं, तो उठला तर नाही म्हणेल, घेऊन जा.

अदा उठला. खुंटी बघितली. घाई केली नाही, आधी मशीन लावलं, मग विचारलं, कोणाला दिलीस? आणि मी खोटं बोलले. भुजचा व्यापारी आला होता म्हणलं. सालेमामदचं नाव घेतलं असतं तर त्याने त्याच दिवशी परत आणली असती. तो रागावला नाही. बरं म्हणला. संध्याकाळी फक्त एवढंच म्हणला, आतली परत चालू झाली. आणि मी पण बरं म्हणलं.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे झोपलो आणि उठलो तर अदा नव्हता. फळीवर डबी होती, झाकण लावलेली. चपला गेलेल्या. आम्ही भुजच्या रस्त्याला माणसं पाठवली, कारण मीच सांगितलं होतं भुज. सिद्दीक मोटारसायकलवर भुजपर्यंत गेला. ती संध्याकाळ, ती अख्खी रात्र आम्ही दक्षिणेला शोधलं. तरी माझ्या तोंडातून खरं निघालं नाही. मी मनाला सांगत होते, सालेमामदकडे जाईल कशाला, त्याला माहीत कुठे आहे.

सकाळी सालेमामदचा फोन आला. त्याची पुढची म्हैस उजाडताना परत आली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा. तो शोधायला निघाला, तर वांढीपासून लांब, उघड्या जमिनीवर म्हैस उभी, आणि तिच्या सावलीत अदा. आमच्या घरापासून चार कोस, उत्तरेला. अंग थंड झालेलं होतं. डॉक्टर म्हणले ऊन लागलं, छाती बंद पडली.

सालेमामदने एक पगी आणला, पावलं वाचणारा म्हातारा. सिद्दीकला वाटत होतं कोणीतरी अदाला नेलं असेल. पगी आमच्या दारापासून चालत गेला. परत येऊन म्हणला, एकटा गेला. चार कोसात कुठे वळला नाही, कुठे थांबून बघितलं नाही, बाभळी आल्या तर त्यांच्यामधून गेला. मग तिथे जाऊन बसला. म्हैस तेव्हा तिथे नव्हतीच, तिचे खूर त्याच्या पावलांवर पडलेत, म्हणजे नंतरचे. कळप पश्चिमेला गेला आणि ती एकटी फुटून सरळ रेषेत आली. पगी म्हणला, मी पन्नास वर्षं पावलं बघतो, दोघं एकमेकांकडे अशी चालत आलेली बघितली नाहीत.

आणि सगळे विचारतात ते हेच. ऐकू आलं कसं. मला माहीत नाही. मशीन डबीत होतं, एवढं मला माहीत आहे.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी सालेमामद घंटा कपड्यात बांधून घेऊन आला. म्हणला, तुमच्या घरात काय आहे ते मला माहीत आहे, बंद करायची तर करा. पण म्हैस खुंट्यापासून हलत नाही, दूध चोरते, बाकीच्या पंधरा तिच्याकडे बघत उभ्या राहतात. सिद्दीक म्हणला, बंदच करायची, हिने माझा बाप नेला. तेव्हा मी दोघांसमोर सांगितलं, मी दिली ती, आणि भुजचं खोटं सांगितलं. सिद्दीक उठून गेला. दोन दिवस माझ्या हातचं जेवला नाही. आम्ही उत्तरेला शोधलं असतं तर अदा जिवंत मिळाला असता का, हे त्याने विचारलं नाही. मी रोज विचारते.

तिसऱ्या दिवशी त्याने घंटा ऐरणीवर ठेवली आणि हातोडी माझ्यापुढे धरली.

"लावणारा नाही, फुई. तू दिलीस, तू बंद कर."

मी हातोडी घेतली. घंटा उचलली तर काठावर दातांची खूण, दोन्ही बाजूंनी धरल्यासारखी, चकचकीत. सिद्दीक म्हणला जुनी असेल, अब्बांनी अकरा दिवस चावली. पण तो काठ मी पुसून दिला होता, माझ्या पदराने, आणि तेव्हा अशी खूण नव्हती. म्हणजे म्हैस आली तेव्हा अदा जिवंत होता. त्याने ती तोंडात धरली. त्याला ती मिळाली.

मी पण धरली. दात बरोबर त्याच खुणेवर बसवले आणि लोलक एकदा हलवला. आवाज कानात आला नाही. जबड्यातून डोक्यात गेला आणि तिथे पसरला, आणि मागून नाही, पहिल्यांदाच समोरून. खूप पांढरं. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं. शेजारच्या खाटेवर कोणी झोपलेलं असावं आणि आपल्याला ते माहीत असावं, तसं.

मी हातोडी खाली ठेवली. सिद्दीकला म्हणलं, मेलेल्या जनावराची घंटा बंद करायची असते. जनावर जिवंत आहे. त्याने माझ्या हातातून घंटा घेतली आणि परत कपड्यात बांधली. मग त्यानेच सालेमामदला फोन लावला.

जीपमधून मी स्वतः गेले. म्हशीच्या गळ्यात पट्टा मी घातला. तिने मान हलवली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि बाकीच्या पंधरा मागून निघाल्या. सालेमामदने त्या आवाजाकडे बघितलं म्हणजे मागे बघितलं, आणि हसला थोडा.

मशीन मॅडमना परत देऊन आले. दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणल्या. डबी मात्र राहिली फळीवर, मणी आतच आहेत.

आता दुपारी मी माती लिंपत असते, सिद्दीक कानात कापूस घालून ठोकत असतो. कधी कधी माझे दात शिवशिवतात. चार कोस म्हणजे घंटा ऐकू यायचं अंतर नाही, हे लोहाराच्या घरात कोणी सांगायला नको. माझा हात मातीत थांबतो. सिद्दीकला तेवढं दिसतं. तो हातोडी थांबवतो, मान वर करत नाही, आणि सकाळी खाटेवरून म्हशी मोजणाऱ्या माणसासारखा विचारतो, आली?

मी म्हणते, आली. मग तो परत ठोकायला लागतो.